वजा झालेली बोट

आखातातल्या खोर फक्कान बंदराच्या त्या यार्डात तोडायला येणाऱ्या बोटी सहसा दुसऱ्या बोटीच्या मागे दोराने ओढत आणाव्या लागत. ही मात्र फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वतःच्या इंजिनावर आली. निळी, अडतीस मीटर लांब, स्पेनची ट्रॉलर, समुद्रात जाळं ओढत मासे धरणारी. भिकाजी कुबलने हातातला गॅस कटर बंद केला, धक्क्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि नुसत्या आवाजावरून त्याने ओळखलं, या इंजिनाला काहीएक झालेलं नाही.

भिकाजी बावन्न वर्षांचा. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा गाबीत मच्छीमार. त्याचा बाप रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होता आणि भिकाजीही पस्तिशी उलटेपर्यंत रापण ओढत होता. होडीने जाळं समुद्रात गोल टाकून यायचं, मग किनाऱ्यावर दोन बाजूंना तीस-तीस माणसांनी दोर धरून ते ओढायचं. पुढे मोठ्या इंजिनांच्या बोटी आल्या. आणखी पुढे पाण्यात दिवे सोडून मासळीचे थवेच्या थवे उचलणाऱ्या आल्या. रापणीत नुसतं शेवाळ आणि प्लास्टिक येऊ लागलं. रापण संघातर्फे भिकाजी मत्स्य खात्याच्या कार्यालयात निवेदनं घेऊन सात वेळा गेला. सातही वेळा साहेबांनी चहा पाजला आणि निवेदन वर पाठवतो म्हणाले. आठव्या वेळेला तो गेलाच नाही. होडीतला आपला वाटा विकून गल्फला आला, हेल्परचा कटर झाला, कटरचा वेल्डर झाला. तेरा वर्षं झाली त्याला.

"अफनानभाई, ये बोट को क्या हुआ है?" त्याने फोरमनला विचारलं.

अफनान केरळचा. पोट सुटलेला, सदा घामेजलेला, कानाला फोन. तसा माणूस वाईट नव्हता. "कुछ नहीं हुआ," तो म्हणाला. "उधर युरोप में बोट ज्यादा हो गया, मच्छी कम. गव्हर्मेंट बोला, बोट कम करो. जो मालिक बोट निकालेगा उसको भरपाई मिलेगा. या तो तोडो, नहीं तो दुसरा काम में लगाओ. ये सप्लाय बोट बनेगा, बाहर खडा जहाज को सामान देगा. हम लोग मच्छी का सब आयटम निकालेगा, दुबई से सर्व्हेअर आके सर्टिफिकेट देगा, खलास."

भिकाजीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने परत विचारलं. अफनानने परत तेच सांगितलं आणि फोनवर बोलत निघून गेला.

दुपारच्या सुट्टीत भिकाजीने जेवणाचा डबा उघडायच्या आधी घरी फोन लावला.

"थयसर युरोपात सरकार बोटी मोजता," तो बायकोला म्हणाला. "मासे मोजता. बोटी जास्त झाल्यो तर कमी करता. चांगली चलती बोट काढून टाकल्यानी, सत्यभामा. इंजिन वाजता कसा म्हणशीत तर नव्या नवरीसारख्या."

"आणि बोटवाले गप रवतत?"

"भरपाई देतत तेंका."

सत्यभामा हसली. "मगे तेंका एकदा हय पाठवा म्हणा."

मागून रोशनचा आवाज आला. रोशन त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा. त्याची लहान इंजिनची होडी होती. महिन्यातले वीस दिवस ती वाळूत उलटी पडलेली असायची आणि रोशन तिच्या सावलीत मोबाइल बघत बसायचा. "बाबा, बोट केदी मोठी?" त्याने विचारलं. भिकाजीने लांबी सांगितली, जाळं गुंडाळायचा ढोल केवढा, मागची लोखंडी कमान किती उंच, मासे ठेवायच्या खणात अख्खी दांडी कशी मावेल, सगळं सांगितलं. बोलता बोलता त्याचा डबा गार झाला. किती वर्षांनी मुलाशी एवढं बोलत होता.

त्या कामावर भिकाजी असा लागला की अफनानलाही नवल वाटलं. इतरांच्या आधी तो बोटीवर चढायचा. जगात कुठेतरी, आपल्या देशात नसेना का, कुणालातरी हा हिशेब सुचला होता: समुद्र तेवढाच राहणार, मग बोटी कमी करा. त्याच्या बापाला हे सांगितलं असतं तर बापाने त्या सरकारला हात जोडले असते. मागच्या कमानीला पहिली ज्योत लावताना भिकाजीला बरं वाटलं. आपण रापणवाल्यांचंच एखादं जुनं काम करतोय असं.

तिसऱ्या दिवशी अफनान डेकवर आला. "भिकाजी, ऐसा नहीं. सीधा लाइन में काटो. जिधर नटबोल्ट है उधर खोलो, काटने का नहीं. और हर पीस पे नंबर डालो, सफेद पेंट से."

"भंगार पे नंबर?"

"बोट का मालिक का ऑर्डर है. यल्ला, जल्दी."

भिकाजीने नंबर घातले. ढोल अख्खाच्या अख्खा उतरवला. जाळ्याचे दोर ओढायच्या दोन्ही विंच उतरवल्या. कमानीचे चार तुकडे झाले, एक ते चार. भंगाराचा ढीग यार्डाच्या पूर्वेला होता, हे सगळं मात्र क्रेनने पश्चिमेच्या शेडमध्ये नेलं, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि वर ताडपत्री टाकली. विंचच्या दात्यांना ग्रीस लावलं. भंगाराला कुणी ग्रीस लावत नाही. भिकाजीने आयुष्यभर जाळी उन्हात वाळवून, घड्या घालून, पुढच्या हंगामासाठी माळ्यावर ठेवली होती. पुढच्या हंगामासाठी ठेवलेली वस्तू त्याला कळत होती.

तरी तो दोन दिवस स्वतःची समजूत घालत राहिला. विकणार असतील सुटं. दुसऱ्या कुणाच्या बोटीला लावणार असतील. मग इंजिनचं काम बघणाऱ्या बंगाली मिस्त्रीने त्याला खाली नेऊन इंजिनवरची पट्टी दाखवली. पट्टीवर सहाशे घोड्यांची ताकद कोरलेली होती. मिस्त्री हसत म्हणाला, हे इंजिन बाराशेच्या खाली कधी चाललेलंच नाही.  म्हणजे तिथल्या सरकारने मोजलं ते कागदावरचं इंजिन, आणि पाण्यात चाललं ते निराळं.

सर्व्हेअर मार्चच्या मध्यावर आला. पांढरं हेल्मेट, गळ्यात कॅमेरा, हातात टॅब्लेट. पस्तिशीचा उंच पोरगेला माणूस. डेकवर पाय घसरला तेव्हा त्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं आणि भिकाजीने वळून पाहिलं.

"साहेब, मराठी?"

"हो! निनाद सबनीस. पुण्याचा. तुम्ही?"

"मालवण. दांडी."

निनादचा चेहरा उजळला. दांडीवर तो लग्नानंतर बायकोबरोबर राहून गेला होता. कुठल्या घरात राहिला, काय खाल्लं, सगळं सांगत बसला. त्याने भिकाजीला लगेच काका म्हणायला सुरुवात केली. दुपारी अफनान बोटीच्या मालकाच्या माणसाला आणायला गेला तेव्हा दोघं कंटेनरच्या सावलीत बसले. भिकाजीने आपल्या डब्यातला बांगडा त्याला दिला. निनादने तो बोटं चाटत खाल्ला.

"साहेब, ह्या सर्टिफिकेटचं पुढे काय होतं?" भिकाजीने विचारलं.

निनादने समजावून सांगितलं. तिथे प्रत्येक देशाच्या मासेमारी ताफ्याला कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. ती दोन गोष्टींवर मोजतात: बोटींच्या पोटात जागा किती आणि इंजिनात ताकद किती. ताफा जास्त फुगला तर काही बोटी वजा करायच्या. एकदा वजा झालेली बोट परत मासेमारीत येता कामा नये. "म्हणून मला पाठवतात. ही आता मासे धरू शकत नाही, एवढं मी कन्फर्म करायचं."

भिकाजीने डब्याचं झाकण लावलं. त्याचा व्हिसा यार्डाचा होता, खोली यार्डाची होती. तेरा वर्षांत त्याने कुणाविरुद्ध एक शब्द उच्चारला नव्हता. पण हा माणूस आपला होता, आपल्या भाषेत बोलत होता, आणि मत्स्य खात्याच्या साहेबासारखा टेबलाच्या पलीकडे नव्हता. जमिनीवर मांडी घालून शेजारी बसला होता.

"साहेब, पश्चिमेच्या शेडमध्ये जाऊन या," भिकाजी म्हणाला. "ताडपत्रीखाली बघा. आणि इंजिनवरची पट्टी खरी नाही. तुम्ही गेलात की ते सगळं परत वर चढणार. माझ्या हातानं नंबर घातलेत मी."

निनादने हात पुसले. उठला, शेडमध्ये गेला. ताडपत्रीचं टोक उचलून त्याने फोटो काढलेले भिकाजीने लांबून पाहिले. परत आल्यावर त्याचा चेहरा गंभीर होता. "थँक यू काका," तो म्हणाला. "मी बघतो. हे रिपोर्टमध्ये जाणार म्हणजे जाणार."

त्या संध्याकाळी भिकाजी वाळूवर लांब फिरून आला. आठव्या वेळचं निवेदन दिल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि ते कुणीतरी खरोखर वाचणार होतं.

निनादचा फोन आला तो दोन आठवड्यांनी. पाडव्याला जेवायला या म्हणाला. यार्डाला नेमकी रविवारची सुट्टी होती. भिकाजी दोन बस बदलून दुबईत उतरला. तिथून निनादने त्याला गाडीत घालून सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या फ्लॅटवर नेलं. अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत छोटी गुढी उभी होती. वैभवी, निनादची बायको, अगत्याची होती. तिने बर दुबईच्या बाजारातून आणलेल्या चक्क्याचं श्रीखंड केलं होतं, आग्रह करकरून वाढलं. सहा वर्षांच्या आरवने भिकाजीकडे बघून विचारलं, "डॅड, इज ही द बोट अंकल?" निनाद हसला नाही. भिकाजीला तेव्हाच काय ते समजलं. ज्याचं काम झालंय असा माणूस ते सांगायला जेवण व्हायची वाट बघत नाही.

जेवण झाल्यावर दोघं बाल्कनीत बसले.

"काका, मी लिहिलं होतं," निनाद म्हणाला. "सगळं. फोटोंसकट. बॉसने बोलावून घेतलं. म्हणाला, आपला स्कोप काय? व्हेसल. शेड आपल्या स्कोपमध्ये नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी बोटीवर मासेमारीचं सामान होतं का? नव्हतं. मग तेवढंच लिही."

"आणि इंजिन?"

"पट्टीवर जे आहे ते लिहायचं. मोजायचं काम आपल्याला दिलेलं नाही."

"मग तुम्ही सही केलीत."

निनाद कठड्याकडे वळला. खाली रस्त्यावर गाड्या एकामागोमाग एक सिग्नलला थांबत होत्या. "एक लक्षात घ्या," तो शेवटी म्हणाला, "सर्टिफिकेटमध्ये खोटं असं एकही वाक्य नाही. युरोपातून एक बोट कमी झालीय, ही फॅक्ट आहे. ती आता तिकडे मासे धरणार नाही. त्यांच्या समुद्राचं भलंच झालं."

"तिकडे नाही धरणार," भिकाजी म्हणाला. "मग खय धरतली?"

भिकाजी मालवणीत बोलून गेला हे दोघांच्याही लक्षात आलं. 

"तुमचं नाव मी कुठेही घातलेलं नाही हं," निनाद घाईने म्हणाला. "पहिल्या ड्राफ्टमध्ये फक्त 'यार्डातील एक महाराष्ट्रीय कामगार' एवढंच होतं. तो ड्राफ्ट बॉसने क्लायंटला, म्हणजे बोटीच्या मालकाला पाठवला, मला कल्पना नव्हती. पण नाव नाहीये, काका. खरंच."

यार्डात एकशे चाळीस माणसं होती. बंगाली, पाकिस्तानी, नेपाळी, केरळचे, बिहारचे. महाराष्ट्रातला एकच होता.

वैभवीने निघताना श्रीखंडाचा डबा दिला. भिकाजीने तो घेतला, तिला नाव ठेवायला जागा नव्हती. बसमध्ये शेजारच्या नेपाळी पोराला दिला.

सोमवारी सकाळी अफनानने त्याला शेडमध्ये बोलावलं. आरडाओरडा केला नाही. ताडपत्री त्याने आधीच काढून ठेवली होती.

"मेरे को मालूम है तुम बोला," अफनान म्हणाला. "यार्ड का मालिक बोलता है, व्हिसा कॅन्सल करो. मैं बोला, फिर ये कौन चढाएगा? ढोल का सेंटर, कमान का अँगल, इधर किसको मालूम है? एक तुम मच्छीवाला है. तुम चढाओ, मैं मालिक को समझाएगा. नहीं तो घर जाओ. मैं भी नोकरी करता है, भिकाजी."

भिकाजीने एक दिवस मागितला. अफनानने अर्धा दिला.

त्या अर्ध्या दिवसात त्याने घरी जाऊन काय करायचं याचा विचार केला. विचार फार वेळ पुरला नाही. उलट्या होडीच्या सावलीत दोन माणसं बसणार, एक म्हातारा आणि एक तरुण, एवढंच त्याला दिसलं. दुपारी त्याने वेल्डिंगचा चष्मा चढवला आणि होल्डरमध्ये रॉड लावला.

एक नंबरचा तुकडा दोन नंबरला जोडताना त्याच्या मनात आलं, जोड वरून चकचकीत मारायचा आणि आतून पोकळ ठेवायचा. पहिल्याच भरल्या जाळ्याला कमान खाली येईल. कुणाला कळणार नाही. तो हात थांबवून उभा राहिला. मग त्याला कमानीखालची जागा दिसली. जाळं वर येताना तिथे चार माणसं उभी असतात, तो स्वतः असता तरी तिथेच उभा असता. मालक तिथे नसतो. त्याने जोड तळापासून भरला. चारही जोड तसेच भरले, घासले, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याने क्वचितच केलं असेल, आणि त्याबद्दल स्वतःचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता.

एप्रिलच्या शेवटी निळी बोट पांढरी झाली. नाव बदललं, झेंडा बदलला. कुठल्यातरी बेटाचा झेंडा, तो कुणालाच ओळखता आला नाही. सप्लाय बोट हा शब्द परत कुणी काढला नाही.

अफनानने त्याला विचारलं, तुझ्या गावाकडची सहा पोरं मिळतील का, समुद्राची सवय असलेली? भिकाजीने नाही म्हणून सांगितलं. गावात आता कुणी समुद्रात जात नाही, असं खोटंच सांगितलं.

आठवड्याने सत्यभामाचा फोन आला. "रोशन येता," ती म्हणाली. आवाजात आनंद होता आणि थोडी भीतीही.

"खय येता?"

फोन रोशनने घेतला. "बाबा, तुमी सांगलेलास ती बोट. मी तेवाच यार्डाचो नंबर शोधलंय नेटवर. अफनान म्हणान कोण आसा, तेच्याशी बोललंय. आमी पाच जण येतो. व्हिसा इलो."

"तुका मी काय सांगलंय होतंय? ती बोट काढून टाकलेली म्हणान सांगलंय होतंय!"

"पण चलता ना?" रोशन म्हणाला. "तुमीच सांगलास, नव्या नवरीसारखी वाजता."

भिकाजीने पुष्कळ समजावलं. त्या बोटी आपल्यासारख्यांचा समुद्र खातात, म्हणाला. आपण त्याच पायी देशोधडीला लागलो, म्हणाला. रोशनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, रापण माका धड आठवत पण नाय. मी वाळूत बसान म्हातारो होऊ काय?"  या प्रश्नाचं उत्तर असतं तर भिकाजी स्वतः तेरा वर्षांपूर्वी दांडीवरच राहिला असता.

मे महिन्यात पाच पोरं आली. रोशन उंच झाला होता, की बारीक झाला होता म्हणून तसा दिसत होता. भिकाजी त्याला विमानतळावरून आणायला गेला, मिठी मारली, वाटेत पोटभर जेवू घातलं. बोटीबद्दल परत काही बोलला नाही. एवढंच सांगितलं की ढोलाच्या डाव्या बाजूला उभा राहू नको, दोर सुटला तर तिकडे येतो. दुसऱ्या दिवशी बोट दुपारच्या भरतीला निघाली. ओमानच्या पलीकडे, खुल्या समुद्रात, एवढंच पोरांना सांगितलेलं होतं. कुणी म्हणत होतं सोमालियाकडे. रोशनने मागच्या डेकवरून हात केला. भिकाजीने पण केला.

ती परत आली बावन्न दिवसांनी, ऐन जुलैच्या उन्हाळ्यात. इंजिनात पाणी फिरवायचा पंप बिघडला होता म्हणून यार्डाच्या धक्क्याला लागली. रोशन उड्या मारतच उतरला. काळा ठिक्कर पडला होता, दंड भरले होते, डोळे आनंदाने नुसते चमकत होते.

"बाबा, असो मासो मी जन्मात बगूक नाय!" तो म्हणाला. "एका ओढीत खण अर्धो. बर्फ संपलो तरी मासो संपना नाय. लहान आसता ता परत टाकून देवचा लागता, जागाच नाय."

"जिता टाकतास?"

रोशनला प्रश्न नीट कळला नाही. "मेलेला आसता ना ता," तो म्हणाला. मग त्याने बर्फात ठेवलेली एक जड पिशवी वडिलांच्या हातात दिली. "हे टाकूचे होते, तुमच्यासाठी ठेवले. इसवण."

भिकाजीने पिशवी उघडली. इसवण म्हणजे सुरमई. पुरी वाढलेली असती तर एकेक हातभर भरली असती. या वीतभर होत्या. पन्नास-साठ तरी असतील, चंदेरी, अंगावर कुठे ओरखडा नाही. एकीच्याही पोटात गाबोळी नसणार, हे उघडून बघायची गरज नव्हती. अंडी घालायच्या वयाच्याच नव्हत्या त्या.

"बरे आसत," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने त्या खोलीवर नेल्या. खोलीत आठ माणसं राहत होती, ताज्या मासळीचं नाव काढताच सगळी उठून बसली. बंगाली मिस्त्री कांदे चिरायला लागला, कुणीतरी तांदूळ धुतले. भिकाजीने मासे साफ केले. तुकडे करण्याइतके ते मोठे नव्हते, अख्खेच टाकले. घरून आलेला मसाला घातला, कोकम घातलं. रोशन पलंगावर बसून मोबाइलवर जाळ्याचा व्हिडिओ सगळ्यांना फिरवून दाखवत होता आणि ती माणसं वा वा करत होती.

मग सगळे जेवायला बसले. मिस्त्रीने विचारलं, तुम्ही का नाही घेत? भिकाजीने ताट पुढे केलं. मासा ताजा होता, गोड होता, काटा अजून मऊ होता. त्याने दोन खाल्ले. भांड्यात काही उरलं नाही.